काचेची अर्धी तार

नगर,
२ फेब्रुवारी २०२६

हर्षल,

वर मायना न्हाई, तो विसरून राहिलेला न्हाई. बाकी कुनालाबी पत्र लिहिताना मी वर जयभीम लिहिते. तुला लिहायला हात उचलंना. शुद्ध मराठीबी लिहिनार न्हाई. ती मी ऑफिसच्या अर्जांपुरती ठेवलीय. प्रयोगशाळा सहायक म्हनून अठ्ठावीस वर्षं अर्ज लिहून लिहून चांगली येती मला. पन सहा वर्षं माझ्या डब्यातले हुलग्याचे शेंगोळे खाताना तू माझ्याशी ज्या बोलीत बोललास, त्याच बोलीत लिहिते. तिथं बंगळूरला कुनासमोर उघडायची लाज वाटली तर दार लावून वाच.

चौकशी समितीचा कच्चा अहवाल गेल्या आठवड्यात हातात आला. आप्पासाहेब सरांनी स्वतः आनून दिला, विभागप्रमुख असून. दिला आन लगेच घड्याळ बघितलं. पान सातवर तुझं निवेदन हाय. 'सहायक श्रीमती दीपा साळवे यांनी प्रयोगापूर्वी काचतंतू अयोग्य रीतीने हाताळला. निष्कर्षातील त्रुटीचे मूळ त्यात असावे.' असावे. हे असावे कुठं शिकलास रे? माझ्यापाशी हुतास तेव्हा तर हाय न्हाईतर न्हाई, एवढंच बोलायचास.

समितीवर ज्या बाहेरच्या बाई हायेत, अध्यक्ष, त्या आपल्या विषयाच्या न्हाईत. त्यांना मी जसं सांगितलं तसंच तुला सांगते, म्हंजे पुढं म्हनायला नगं की ताईंना काय कळत हुतं. आपला लेसर डोळ्याला दिसत न्हाई. तो स्फटिकातनं गेला की त्याच्या दोन-दोन कणांचा मिळून एक हिरवा कण हुतो. स्फटिकाला हे जमतं, कारन त्याच्या आतल्या रचनेला एक दिशा असती. काचेला न्हाई. काच कुठूनबी बघा, सारखीच. म्हनून साध्या काचेत न दिसनारा उजेड टाकला तर न दिसनाराच बाहेर येतो. तुझं म्हननं असं, की काचेचा बारीक गोळा केला, केसाएवढ्या जाडीचा, आन उजेड त्याच्या कडेकडेनं हजारो चकरा मारत ठेवला, तर जिथं काच संपून हवा लागती तिथं, गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला, हिरवा तयार हुईल. उजेड गोळ्यापर्यंत न्यायची ती काचेची सरळ तार, तुझा तो काचतंतू, आन तिला लागून गोळा. गोळे मी करायची. ज्योतीवर तारेचं टोक धरायचं आन श्वास बंद. दहातला एक नीट यायचा.

नऊ मार्च दोन हजार बावीसला हिरवा दिसला. तू डॉक्टर झालास. छापून आलेल्या निबंधात माझं नाव घालतो म्हनाला हुतास, तर शेवटी आभारात एक ओळ: 'तांत्रिक सहायकांचे आभार.' नाव न्हाई. तोंडाला पानं पुसलीस, तरी मी बोलले न्हाई. आता चार देशांत लोकांनी गोळे करून बघितले, कुनालाच हिरवा दिसंना, कॉलेजावर पत्र आलं, तर तुला माझं नाव आठवलं. तेबी पुरं, श्रीमती लावून.

त्या पान सातनं काय झालं ते ऐक. अंधाऱ्या खोलीची किल्ली काढून घेतली. ती खोली मी लावली, काळा रंग मी दिला. आता मी ग्रंथालयाच्या दारात बसते, पोरांच्या बॅगा घेते आन टोकन देते. परवा एकानं इचारलं, मावशी, प्रयोगशाळेत काय फोडलंत?

पाच मार्चला शेवटची सुनावनी हाय. त्याच्या आत तू समितीला लिहायचं, की रोज सकाळी स्फटिक बसवून ठेवायला तूच सांगायचास. लेसर दिसत न्हाई म्हनून हिरव्यानं वाट शोधायची, ही आपली रोजची रीत. पन वाट सापडल्यावर स्फटिक काढायचा असतो. तू श्रीगोंद्याहून एसटीनं एक वाजता यायचास आन मला सांगून ठेवलेलंस, "ताई, मी येईपर्यंत दोन्ही उजेड चालू राहू द्या, लाईटचा भरवसा नाही, एकदा लागलेलं पुन्हा लावायला नको." तीन आठवडे रोज चार तास दोन्ही उजेड त्या तारेत हुते. ह्यालाच तू अयोग्य हाताळनं म्हनतोस ना? मग कुनी सांगितलं तेबी लिही.

मला माझं नाव साफ करून पायजे आन किल्ली परत पायजे. बाकी तुझ्याकडून काही नगं.

दीपा साळवे


नगर,
११ फेब्रुवारी २०२६

हर्षल,

पत्राला पत्र लिहायची तुझी हिंमत न्हाई, म्हनून मोबाईलवर दोन ओळी. 'ताई, नोंदवहीत स्फटिक बसवल्या-काढल्याच्या वेळा तुमच्याच अक्षरात आहेत. मी सांगितलं होतं असं लिहायला माझ्याकडे कागद काय आहे?' वा. वेळा मी लिहायची, कारन तू एसटीत असायचास. चोराच्या उलट्या बोंबा म्हनतात त्या ह्याच. तुझं अक्षर कुठनं सापडनार, तू आल्यावर आधी डबा उघडायचास.

पन तुमी सगळ्यांनी मला ग्रंथालयात बसवलं, हे लई बरं केलं. बारा ते दोन तिथं चिटपाखरू नसतं. मागच्या कपाटात जुनी बांधीव इंग्रजी मासिकं हायेत, चाळीस वर्षांपूर्वीची. मी शब्दकोश घेऊन बसले. एका पानाला एक दुपार लागली, लागू दे. त्यात हाय सगळं. काचेच्या तारेत न दिसनारा उजेड आन त्याच्यापासनंच केलेला हिरवा, दोन्ही एकदम बराच वेळ ठेवले, की काचेच्या आत विजेचे भार टप्प्याटप्प्यानं सरकून बसतात. तसेच राहतात. मग साध्या काचेच्या त्या तारेला दिशा मिळती. पुढं स्फटिक काढला, हिरवा बंद केला, तरी ती तार आपल्या आपन हिरवा करती. महिनोन्‌महिने.

वाचलंस नीट? गोळा न्हाई, तार. गोळ्याच्या आधीची तार. आपनच तिला रोज चार तास शिकवत हुतो आन ती शिकली, तर तू गोळ्याचा सत्कार केलास.

गेल्या रविवारी बजरंगकडून किल्ली घेतली. त्याला म्हनलं, दोन तास दे. तो म्हनला, "ताई, सरांना कळलं तर माझी शिपायाची नोकरी जाईल." मी म्हनलं, कळलं तर सांग की साळवेबाईनं हिसकावून घेतली. तो दारात खुर्ची टाकून बसला, पाठ आत करून, म्हंजे त्यानं काही बघितलं न्हाई.

नऊ मार्चच्या त्या दिवसाची तार माझ्याकडं हाय. गोळ्याच्या आधीचा सरळ तुकडा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवली हुती. ना गोळा, ना स्फटिक, नुसती तार आन नुसता न दिसनारा उजेड. पुढं पांढरं कार्ड धरलं. हिरवा ठिपका आला. चार वर्षं झाली त्याला, हर्षल, आन ठिपका तसाच, दुर्वेसारखा. मी खुर्चीवर बसून राहिले. बजरंगनं बाहेरनं इचारलं, "ताई, काय झालं?" मी म्हनलं, काही न्हाई, पानी दे.

सहायक एकटीच म्हनती, हिरवा आला, तर समिती मानायची न्हाई. म्हनून ह्या पत्रासोबत डब्यातनं तार पाठवतेय, स्पीड पोस्टनं. तुझ्या तिथल्या टेबलावर लाव, डोळ्यानं बघ आन समितीला लिही. एक ध्यानात ठेव, तेबी त्या मासिकात हाय: नुसता हिरवा उजेड टाकलास तर आत बसलेलं पुसून जाईल. आधी हिरवा टाकू नगंस. सरळ न दिसनारा लाव, कार्ड धर, बघ.

एवढं तरी नीट कर.

दीपा साळवे


नगर,
२४ फेब्रुवारी २०२६

हर्षल,

ह्या वेळी पत्र लिहिलंस, टाइप केलेलं. बरं दिसलं पाकीट. आत जे हाय ते मात्र तसलंच. 'तार लावून पाहिली. हिरवा प्रकाश आढळला नाही. नेहमीप्रमाणे आधी हिरव्याने दहा-पंधरा मिनिटे वाट लावून घेतली होती.'

नेहमीप्रमाणे.

मी काय लिहिलं हुतं? त्याच्याखाली रेघ मारायची राहिली हुती व्हय? आता हे तू सवयीनं केलंस का मुद्दाम, हे ठरवत मी दोन दिवस घातले. भाकरी थापताना एकदा वाटायचं, सवय असंल, सहा वर्षं पोराचा हात तसाच जायचा, आधी हिरवा, मग बाकी. दुसऱ्या भाकरीला वाटायचं, बनेल हाय, कागद न्हाई म्हनून रडत हुता, आता ठिपकाबी न्हाई. शेवटी दोन्ही भाकऱ्या करपल्या. काचेला काय, हिरवा कशापायी का टाकंना, ती पुसली गेली.

आता माझं ऐक. तुला पाठवलेली तार अर्धी हाय.

मी ती तुकडा मोडून पाठवली. पाऊन मीटर तुला, पाऊन मीटर मला. मी कर्जतची हाय, भोळी असते तर तिथल्या दुष्काळात कधीच खपले असते. माझ्या अर्ध्या तारेतनं आज दुपारीबी हिरवा आला. बजरंगनं ह्या खेपेला पाठ फिरवली न्हाई, त्यानंबी बघितला. म्हनला, "अगं बया, एवढ्याशासाठी भांडन व्हय?" पाच मार्चला समितीसमोर ती तार मी लावनार हाय. अध्यक्षबाईंना अर्ज दिलाय, शुद्ध मराठीत. त्यांनी मंजूर केला. तुलाबी पडद्यावर बसवनार हायेत, तेव्हा शर्ट इस्त्रीचा घाल.

पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न टाकलायस. सगळ्या टाइपात तेवढीच एक ओळ हातानं लिहिलेली. 'ताई, ती तार तुम्ही चार वर्षं जपून का ठेवली?'

आपल्याकडं रोज तारा तुटायच्या. रोज झाडून केरात जायच्या. तुला ठाऊक हाय ते.

मला आवडली म्हनून ठेवली. तू कामाचं बोल.

दीपा साळवे


नगर,
६ मार्च २०२६

हर्षल,

काल तू पडद्यावर हुतास, तेव्हा निम्मं तू ऐकलंच. पन मधेच तुझी लाईन गेली आन पुन्हा लागली न्हाई. राहिलेलं निम्मं दुसऱ्या कुनाच्या तोंडून ऐकलंस तर मला चालनार न्हाई, म्हनून हे पत्र. आपल्यात गोडी झाली असं समजू नगंस.

तार लावली तेव्हा खोलीत आप्पासाहेब सर, अध्यक्षबाई, समितीचे दुसरे दोघं आन दारात बजरंग. स्फटिक काढून मी बाईंच्या हातात दिला, म्हंजे तो आत न्हाई हे त्यांना दिसावं. गोळा न्हाई. कार्ड त्यांनीच धरलं. हिरवा आला. बाईंनी कार्ड मागं-पुढं करून बघितलं. मग तुला इचारलं, "डॉक्टर लगड, दोन्ही उजेड चार-चार तास ठेवायला कोणी सांगितलं होतं?"

मला वाटलं हुतं तू म्हनशील, कागद न्हाई. तू म्हनलास, "मी सांगितलं होतं. ताईंनी दोनदा विचारलं होतं, एवढा वेळ ठेवू का म्हणून. मी हो म्हणालो. पान सातवरचं माझं म्हणणं मी मागे घेतो." आन मग पडदा थिजला. तुझं तोंड तसंच, अर्धं उघडं.

मी एक महिना ज्यासाठी भांडले ते दोन वाक्यांत झालं. आप्पासाहेब सर हसले. एवढं मोकळं मी त्यांना कधी हसताना बघितलं न्हाई. त्यांनी खिशातनं किल्ली काढली आन टेबलावर ठेवली, माझ्या हातापासनं वीतभर. "झालं तर मग, दीपाताई," म्हनले. "उद्यापासून तुमची खोली तुमच्या ताब्यात."

अध्यक्षबाई कागद गोळा करत हुत्या. गोळा करता करता म्हनल्या, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" सहज म्हनतात तसं.

किल्ली घ्यायची आन घरी जायचं, एवढंच राहिलं हुतं रे. तू ते 'मी सांगितलं' न म्हनता गप बसला असतास, तर मीबी गप बसले असते. जन्मभर तुला शिव्या देत सुखानं झोपले असते. तेवढी एकच सोय मला उरली हुती आन तीबी तू काढून घेतलीस. पान सातचा आला नसंल एवढा राग मला काल तुझा आला.

मी सांगितलं. त्यांनी लिहून द्या म्हनलं, तर लिहून दिलं. नक्कल उतरवते.

'दिनांक ९ मार्च २०२२ रोजी दुपारी सव्वाचारच्या सुमारास हिरवा प्रकाश प्रथम दिसला. श्री. हर्षल लगड हे वडिलांना फोन करण्यासाठी खोलीबाहेर गेले. त्यानंतर मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता गोळा तारेजवळ नव्हता. तो पंख्याच्या वाऱ्याने निसटून टेबलावर पडलेला होता. तरीही हिरवा प्रकाश पूर्वीइतकाच येत होता. म्हणजे तो गोळ्यामुळे येत नाही, हे मला त्याच वेळी कळले. असे का होते ते मला माहीत नव्हते. मी दुसरा गोळा घेऊन तारेजवळ बसवला. श्री. लगड परत आल्यावर मी त्यांना काहीही सांगितले नाही. त्यांनी पुढे जे लिहिले ते गोळा जागेवर होता असे समजून लिहिले. ती तार मी काढून घरी नेली. हे सर्व मी कोणाच्याही सांगण्यावरून केलेले नाही.'

आता तुझ्या हातानं लिहिलेल्या ओळीचं उत्तर. तार मी जपली कारन तिच्याजवळचा गोळा खोटा हुता हे मला एकटीला ठाऊक हुतं, आन ठाऊक असलेली चीज केरात टाकवत न्हाई. पहिल्यांदा जाळायला ज्योतीपाशी नेली हुती. धरून उभी राहिले आन परत डब्यात ठेवली.

का सांगितलं न्हाई म्हनशील. तुझी मुदत संपत आली हुती. सर रोज म्हनायचे, हिरवा दिसंना तर खोली बंद करू, तिथं संगनक ठेवू. तू बाहेर फोनवर "अण्णा, झालं, झालं" म्हनत रडत हुतास, मला भिंतीतनं ऐकू येत हुतं. आन तू म्हनलेलास, निबंधात तुमचं नाव घालतो. माझ्या घरात कुनाचं नाव कधी छापून आलेलं न्हाई, लग्नपत्रिकेशिवाय. मला ते पायजे हुतं. लई पायजे हुतं. तू घातलं न्हाईस, तेव्हा मी तुझ्यावर एवढी का उखडले ते आता कळलं असंल. चोरीत वाटनी मिळाली न्हाई म्हनून भांडले मी. तोवर चार देशांतली मानसं तुझ्या गोळ्यापायी डोळे फोडत बसली, त्याचंबी पाप माझ्याच डोक्यावर हाय.

आप्पासाहेब सरांनी किल्ली उचलली आन परत खिशात घातली. अध्यक्षबाई म्हनल्या, डॉक्टर लगडांनी फसवलं असं आता म्हनता येनार न्हाई, निबंध मागं घ्यावा लागंल, पदवीला बहुधा धक्का लागनार न्हाई. माझं काय ते महिनाभरात कळवनार. बाहेर आल्यावर बजरंग म्हनला, "ताई, जिंकलेली हुतीस की गं. हात दाखवून अवलक्षन केलंस." मी म्हनलं, व्हय. आज सकाळी साडेनऊला ग्रंथालयाच्या दारात बसले, टोकनं दिली.

हे तुझ्यासाठी केलेलं न्हाई. पान सात मी विसरनार न्हाई, आभाराची ओळबी न्हाई. तू आलास तर डबा मिळायचा न्हाई. अर्धी तार समितीनं ठेवून घेतली, तुझी अर्धी तू पुसलीस, म्हंजे माझ्याकडं आता काहीच उरलं न्हाई, एक सोडून.

तो पहिला गोळा, टेबलावर पडलेला. तार ठेवली तसा तोबी ठेवला हुता, काचेच्या दोन पट्ट्यांमधे चिकटवून. तो पाठवतेय. त्यात हिरवं काही न्हाई, कधीच नव्हतं. पन भिंगाखाली धरून बघ एकदा, कुठं तडा न्हाई, बुडबुडा न्हाई. अठ्ठावीस वर्षांत तसला गोल मला एकदाच जमला, आन त्या दिवशी त्याच्याकडं कुनी बघितलं न्हाई.

दीपा